जुनेपण हे कारण असू शकते का?

नीरेच्या दक्षिण काठावरचे शिरवळ आज कारखान्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. औद्योगिक वसाहत, पुणे-सातारा महामार्ग आणि क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावाचे पशुवैद्यकीय महाविद्यालय यांमुळे कामगार आणि विद्यार्थी इथे भाड्याच्या खोल्या घेऊन राहतात. अशा खोलीत लॅपटॉप असला तर तो बहुधा थोरल्या भावाने वापरून दिलेला किंवा जुना विकत घेतलेला असतो, आणि त्याची एक तक्रार ठरलेली असते: वायफाय टिकत नाही. नेट मध्येच जाते, आपोआप येते, शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना शेवटच्या बटणावर नुसते चक्र फिरत राहते. त्याच खोलीत, त्याच वायफायवर फोन मात्र सुरळीत चालतो. यावर दुकानदार, शेजारी आणि घरचे सगळे एकच निदान सांगतात, “जुना झालाय, आता नवा घ्या.” हे वाक्य इतक्या सहज स्वीकारले जाते, की ते उत्तर आहे का याची तपासणी कुणी करत नाही. माझे म्हणणे असे की जुनेपण हे या बिघाडाचे कारण म्हणून उभेच राहू शकत नाही. विचार जिथे थांबला त्या जागेला आपण कारणाचे नाव दिलेले असते. हा प्रश्न यंत्रापुरता नाही. कशाला कारण म्हणावे यावर आपल्या दर्शनांनी शतकानुशतके काथ्याकूट केला आहे, आणि त्या विचाराची कसोटी लावण्यासाठी हा बारीकसा बिघाड फार चांगला आहे.

शिरवळहून खंबाटकीचा घाट ओलांडून सुरूर फाट्याला आत वळले की वाई लागते. तिथल्या प्राज्ञपाठशाळेत केवलानंद सरस्वती आणि त्यांचे शिष्य तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी शास्त्रांचा अभ्यास आधुनिक काळात जिवंत ठेवला. त्या शास्त्रांतल्या न्यायदर्शनाच्या भाषेत आपले वाक्य मांडून पाहू. ‘या लॅपटॉपचे नेट तुटते, कारण तो जुना आहे.’ नेट तुटणे हे साध्य, जुनेपण हा हेतू. हे अनुमान टिकायचे तर जिथे जिथे जुनेपण तिथे तिथे नेट तुटणे, अशी व्याप्ती असायला हवी. ती नाही. शेजारच्या खोलीत त्याच वयाचा लॅपटॉप दिवसभर सुरळीत चालतो आणि परवा घेतलेल्या फोनचेही नेट कधी कधी जाते. अशा हेतूला नैयायिक ‘सव्यभिचार’ म्हणतात, म्हणजे साध्य नसलेल्या ठिकाणीही सापडणारा हेतू. पण याहून भक्कम पुरावा त्या एकाच यंत्रात आहे. दुपारी दोनला ते नीट चालते, रात्री नऊला तुटते. सात तासांत त्याचे वय वाढले असे कुणी म्हणणार नाही. दिवसभर जे बदलतच नाही, ते दिवसात चार वेळा बदलणाऱ्या गोष्टीचे पुरेसे कारण कसे होईल? बिघाड अधूनमधून येतो, एवढी एकच गोष्ट जुनेपणाचा दावा खाली आणायला पुरेशी आहे.

मग जुन्या यंत्रांतच हा त्रास जास्त दिसतो, त्याचे काय? इथे नैयायिकांची ‘उपाधी’ ही कल्पना कामाला येते. त्यांचे नेहमीचे उदाहरण धूर आणि अग्नीचे आहे. धूर दिसला तर अग्नी आहे असे म्हणता येते. पण अग्नी आहे म्हणून धूर असणारच असे म्हणता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. अग्नीला धूर येतो तो सरपण ओले असताना. ओले सरपण ही इथली उपाधी. जिथे धूर आहे तिथे ती आहेच, पण जिथे अग्नी आहे तिथे ती असेलच असे नाही. चुलीपुढे बसून डोळे चोळणाऱ्या माणसाने अग्नीला बोल लावला तर ती चूक तर्काची आहे, आणि तिच्यापायी चूल विझते, सरपण मात्र ओलेच राहते. जुनेपण आणि तुटणारे नेट यांच्यामध्येही असेच काहीतरी ओले सरपण दडलेले असते. ते शोधल्याशिवाय जुनेपणाचे नाव घेणे म्हणजे अग्नीवर ठपका ठेवणे होय.

हे सरपण नेमके कोणते, ते जवळ जाऊन पाहण्यासारखे आहे. जुन्या लॅपटॉपमधले वायफाय कार्ड बऱ्याचदा फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालते. हा पट्टा भारतात २००५ पासून कमी ताकदीच्या उपकरणांसाठी विनापरवाना खुला आहे, त्यामुळे त्यावर सगळ्यांचीच गर्दी आहे: शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथचे हेडफोन, बिनतारी माउस. पट्टा सारा ८३.५ मेगाहर्ट्झचा आणि एका चॅनेलला साधारण २० मेगाहर्ट्झ जागा लागते. म्हणजे एकमेकांच्या पायांत न येता जेमतेम तीन चॅनेल मावतात, १, ६ आणि ११. चार मजली इमारतीत प्रत्येक खोलीत राउटर असेल, तर शिफ्ट सुटून लोक घरी आल्यावर रात्री नऊला काय होईल हे सांगायला नको. फोन ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जातो म्हणून त्याला याची झळ लागत नाही. दुसरी शक्यता लॅपटॉपच्या बिजागरीत असते. वायफायचा अँटेना अनेक लॅपटॉपमध्ये स्क्रीनच्या कडेला बसवलेला असतो आणि त्याची बारीक तार बिजागरीतून खाली कार्डापर्यंत येते. झाकण हजारो वेळा उघडून मिटून ती तार झिजली, तर स्क्रीन एका कोनात असताना रेंज येते आणि थोडी मागे ढकलली की जाते. तिसरी शक्यता वीज वाचवण्याच्या सेटिंगची: बॅटरीवर असताना यंत्र कार्डाला मध्येमध्ये झोपवते आणि काही कार्डे वेळेवर जागी होत नाहीत, चार्जर लावला की तक्रार गायब. चौथी, शेजारच्या खाचेत लावलेल्या यूएसबी ३ च्या हार्ड डिस्कची. तिच्या तारेतून निघणारा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पडतो. पाचवी, राउटरवर २०१८ मध्ये आलेली डब्ल्यूपीए ३ ही सुरक्षा पद्धत चालू असणे आणि कार्डाच्या ड्रायव्हरला ती धड न समजणे. यातली प्रत्येक गोष्ट जुन्या यंत्राला जास्त बाधते हे खरे, पण एकीचेही नाव जुनेपण नाही. शिवाय प्रत्येकीवरचा उपाय वेगळा आहे: चॅनेल बदलणे, तार बदलणे, सेटिंग बंद करणे, डिस्क दुसऱ्या बाजूला लावणे, राउटरवर डब्ल्यूपीए २ ठेवणे. यातले बहुतेक उपाय फुकटात होतात.

पाच संशयित समोर असताना खरा कोणता हे ठरवण्याची रीतही शास्त्रांनी सांगितली आहे: अन्वय आणि व्यतिरेक. कारण असताना कार्य दिसले पाहिजे, हा अन्वय. कारण काढून घेतल्यावर कार्य नाहीसे झाले पाहिजे, हा व्यतिरेक. व्यवहारात माणूस अन्वयावरच समाधान मानतो. नेट गेले, राउटर बंद करून चालू केला, नेट आले; म्हणजे राउटर चालू-बंद करणे हा उपाय, असे ठरते. पण अधूनमधून येणारा बिघाड आपोआपही जातो. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडावी, तसा आपला उपाय आणि त्याचे आपोआप जाणे यांचा मेळ बसतो आणि आपण कावळ्याला फांदीतोड्या ठरवतो. म्हणून प्रामाणिक शोधात एक अवघड पायरी असते: केलेला उपाय मागे घेऊन बिघाड परत येतो का ते पाहणे. डिस्क काढली आणि नेट सुधारले, तर डिस्क पुन्हा लावून पाहायची. चॅनेल बदलून बरे वाटले, तर तो परत जुन्या जागी नेऊन पाहायचा. एका वेळी एकच गोष्ट हलवायची, नाहीतर श्रेय कुणाचे ते कळत नाही. सुरुवात करायची तीही सीमा आखून. पिंग या आज्ञेची काळी खिडकी उघडून आधी राउटरला हाक मारायची आणि मग बाहेरच्या एखाद्या पत्त्याला. राउटरकडून दोन-तीन मिलिसेकंदांत उत्तर येत असताना बाहेरचे उत्तर बुडत असेल, तर दोष राउटरच्या पलीकडे आहे आणि बिचारा लॅपटॉप त्यातून सुटला. राउटरपर्यंतच ओळी गळत असतील, तर मग फोनचा हॉटस्पॉट जोडून पाहायचे; त्यावर नेट टिकले, तर संशय राउटर आणि चॅनेल यांच्याकडे सरकतो, त्यावरही तुटले तर लॅपटॉपकडे. अर्ध्या तासात पाच संशयितांचे दोन-तीन उरतात.

इथे पहिला आक्षेप येईल तो रोजच्या जगण्यातून. कारण कळले काय आणि न कळले काय, काम झाल्याशी मतलब. परीक्षेच्या तोंडावर बसलेल्या मुलीला व्यतिरेक करायला वेळ कुठे आहे? आक्षेप रास्त आहे. तिने राउटर बंद-चालू करावा, फॉर्म भरावा आणि पुढे जावे, यात काही वावगे नाही. माझा मुद्दा एवढाच, की तिने काम भागवले असे म्हणावे, कारण कळले असे म्हणू नये. हा फरक शाब्दिक वाटतो, पण त्याचे परिणाम शाब्दिक राहत नाहीत. भागवलेले काम जे आहे ते म्हणून ओळखले, तर सवड मिळाल्यावर शोध चालू राहतो. तेच ज्ञान म्हणून मिरवले, तर चुकीची समजूत दुसऱ्याच्या गळ्यात पडते, आणि शेवटी पैसे खर्च करण्याची वेळ बहुधा त्याच्यावर येते ज्याच्याकडे ते सर्वांत कमी असतात. वीस-पंचवीस हजारांचा नवा लॅपटॉप घेऊन तो त्याच गर्दीच्या चॅनेलवर चालवला, तर तोही रात्री नऊला तुटेल. कर्ज तेवढे डोक्यावर राहील.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. निर्माण झालेली प्रत्येक वस्तू झिजते आणि नाश पावते. हेच जर अंतिम सत्य असेल, तर ‘जुने झाले’ हेच खरे उत्तर नाही का? शिरवळच्या डोंगरात जी बौद्ध लेणी कोरलेली आहेत, ती ज्या परंपरेची, त्या परंपरेने अनित्यतेचा विचार सर्वांत निर्धाराने केला. पण त्याच परंपरेने अनित्यतेचा उपयोग शोध थांबवण्यासाठी केलेला नाही. तिची दुसरी मोठी शिकवण प्रतीत्यसमुत्पादाची आहे: कोणतीही अवस्था ठरावीक सामग्री जमली असता उपजते आणि ती सामग्री विस्कटली की मावळते. दुःख आहे एवढे सांगून बुद्ध थांबले असते, तर तो नुसता खेद झाला असता. दुःखाला कारण आहे आणि ते कारण दूर करता येते, हे सांगितल्यामुळे तो मार्ग झाला. सगळे काही झिजते हे विधान सर्वांना सारखेच लागू पडते, म्हणूनच त्यातून हा लॅपटॉप आज आणि याच खोलीत का अडतो हे कळत नाही. अनित्यता ही सर्व वस्तूंची स्थिती आहे. कारण हवे असते ते या वस्तूच्या या अवस्थेचे.

तिसरा आक्षेप दैवाचा. आपल्याकडे जुनेपणाच्या जोडीला प्रारब्ध, नशीब, ग्रहमान हे शब्द तयारच असतात, आणि ते उच्चारणाऱ्याला आपण श्रद्धावान समजतो. श्रद्धेबद्दल मला अनादर नाही. पण ज्या ग्रंथावर महाराष्ट्राची भक्तिपरंपरा उभी आहे त्या गीतेतच, अठराव्या अध्यायाच्या चौदाव्या श्लोकात, कर्मसिद्धीची पाच कारणे मोजली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, निरनिराळ्या क्रिया आणि पाचवे दैव. दैवाला तिथे स्थान आहे, पण ते पाचवे आहे. जागा, करणारा माणूस, हातातली साधने आणि प्रत्यक्ष केलेले प्रयत्न या चौघांची चौकशी आधी येते. आपण उलट करतो: पाचव्याचे नाव पहिल्यांदा घेतो आणि उरलेल्या चौघांना विचारतच नाही. यात दैवाचाही मान राहत नाही, कारण आपल्या आळसाचे ओझे आपण त्याच्या खांद्यावर टाकलेले असते. भक्ताची शरणागती ही वेगळी गोष्ट आहे. ती अमुक केल्याने अमुक होते असा दावा करत नाही, म्हणून तिला व्यतिरेकाची कसोटी लावण्याचे कारण नाही. कसोटी लागते ती कार्यकारणाच्या दाव्याला, मग तो दावा मंत्राचा असो की मेकॅनिकचा.

चौथा आक्षेप तत्त्वज्ञाचा. चार्वाकांनी विचारले होते की व्याप्ती तुम्ही ठरवता कशी? पाहिलेली उदाहरणे मोजकी, न पाहिलेली अनंत; एखादी लपलेली उपाधी नेहमीच राहून गेलेली असू शकते. अठराव्या शतकात स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूमनेही जवळपास हाच प्रश्न उभा केला. तो आपल्यालाही लागू आहे. डिस्क तीनदा काढली-लावली आणि तिन्ही वेळा अपेक्षेप्रमाणे घडले, तरी त्याच वेळी शेजाऱ्याने राउटर बंद-चालू केला नसेल कशावरून? पूर्ण खात्री मिळत नाही हे मान्य करायला हवे. पण यावर उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त दिलेले उत्तर आजही पटते: शंकेची सीमा व्याघात ही आहे. जी शंका घेतल्यावर माणसाला स्वतःचे वागणेच खोटे पाडावे लागते, ती शंका तिथे संपते. तहान लागली की चार्वाकही पाण्याकडेच जातो. शिवाय खात्री मिळत नाही म्हणून सगळी विधाने सारख्याच लायकीची ठरत नाहीत. ‘डिस्कमुळे’ हे विधान चुकीचे निघण्याची जोखीम पत्करते, उद्या ते खोटे पाडता येईल. ‘जुना झालाय’ हे विधान काहीही घडले तरी खरेच राहते. नेट तुटले तरी ते खरे, टिकले तरी अजून किती दिवस म्हणून खरे. ज्याला कोणताच अनुभव खोटे पाडू शकत नाही, त्याला अनुभवाचा आधारही नसतो.

एका यंत्राच्या तक्रारीसाठी एवढी दर्शने कशाला, असे कुणी विचारील. कारण हीच तर्कपद्धती आपण माणसांवर वापरतो, आणि तिथे तिची किंमत फार मोठी असते. शिरवळपासून जवळच, खंडाळा तालुक्यातल्या नायगावात ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई फुले यांचा जन्म झाला. त्या काळचे निदान सर्वमान्य होते: बाईला विद्या पेलत नाही, कारण ती बाई आहे. पुरावा म्हणून आजूबाजूला बोट दाखवता येत होते. स्त्रिया निरक्षर होत्याच. हेतू स्त्रीत्व, साध्य अज्ञान, आणि मधली उपाधी कुणाला दिसत नव्हती, कारण ती सगळीकडे सारखी पसरलेली होती: शाळेचे दार बंद होते. सावित्रीबाई स्वतः लग्नानंतर जोतीरावांकडे शिकल्या आणि शिक्षिका झाल्या. १८४८ मध्ये पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. तर्काच्या भाषेत हा व्यतिरेक होता. स्त्रीत्व तेच राहिले, बंद दार तेवढे बाजूला झाले, आणि अज्ञान गेले. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त छापून आला, तेव्हा त्या जुन्या अनुमानाला जागा उरली नाही. माणसाची आणि यंत्राची बरोबरी करण्याचा इथे हेतू नाही. बरोबरी आहे ती दोन्हीकडे केलेल्या चुकीची. जो न बदलणारा गुण समोर दिसतो त्याला दोष देऊन मोकळे व्हायचे, आणि जी परिस्थिती आपल्याला बदलता आली असती तिच्याकडे पाहायचेच नाही. ‘त्या जातीची मुले अशीच’, ‘खेड्यातले असेच’, ‘वय झालं, आता असंच चालायचं’ ही सगळी त्याच साच्यातली वाक्ये आहेत. पशुवैद्य बोलू न शकणाऱ्या जनावरापुढे उभा असतो, पण ‘म्हातारी गाय आहे’ एवढ्यावर तो निदान लिहून मोकळा होत नाही. म्हातारपण हा आजार नव्हे, हे त्याला पहिल्यापासून शिकवलेले असते.

याचा अर्थ जुनेपणाचे नाव कधीच घेऊ नये असा नाही. विंडोज १० ला मिळणारी सर्वसाधारण सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि त्यापुढची आवृत्ती अनेक जुन्या यंत्रांवर अधिकृतपणे चढत नाही. काही कार्डांचे ड्रायव्हर आता कुणी सुधारत नाही. हे खरे अडथळे आहेत. पण पाहा, इथे जुनेपण नुसते उरलेले नाही. त्याने नेमके काय घडवले हे सांगता येते, आणि ते सांगता आले की उपायही दिसू लागतो: काही शे रुपयांचे यूएसबी वायफाय, लिनक्ससारखी दुसरी प्रणाली, नाहीतर सरळ राउटरपासून लॅपटॉपपर्यंत ओढलेली केबल. सगळे तपासूनही यंत्र निकामी ठरले, तर त्याला खुशाल निरोप द्यावा. तो निरोप विचारपूर्वक दिलेला असेल. म्हणून ‘जुना झालाय’ असे कुणी म्हटले, की आपण आणखी एक प्रश्न विचारायला हवा: जुनेपणामुळे नेमके काय झाले? उत्तर देणाऱ्याला तार, पट्टा, सेटिंग किंवा ड्रायव्हर यांपैकी एकाचे नाव घेता आले आणि ते काढून-घालून दाखवता आले, तर त्याचे ऐकावे. ते जमत नसेल तर निकाल राखून ठेवावा. हा संयम ज्याला यंत्राच्या बाबतीत साधत नाही, त्याला माणसांच्या बाबतीत तो साधणे कठीण आहे, आणि चुकीच्या निकालाने यंत्राचे काही बिघडत नसले तरी माणसाचे सारे आयुष्य बिघडते.